भाडेकरू की परवानाधारक? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा वापरायचा कसा

भाड्याच्या घराच्या वादात पहिला प्रश्न एकच असतो: कागद काय आहे? जुनी भाडेपावती असेल तर एक रस्ता, नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे परवान्याचा) करार असेल तर अगदी दुसरा. बोलताना आपण दोघांनाही ‘भाडेकरू’ म्हणतो. कायदा मात्र या दोघांना पूर्ण वेगळ्या मापाने मोजतो. हा फरक ध्यानात न घेता पाठवलेली नोटीस किंवा दाखल केलेला दावा बहुधा वाया जातो, आणि वेळ व पैसा दोन्ही बुडतात. म्हणून घरमालकाने आणि राहणाऱ्याने आपण नेमके कोण आहोत हे आधी ठरवावे.

हा कायदा तुमच्या जागेला लागू आहे का?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याआधी राज्यात तीन कायदे चालत. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता, विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश, आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा. नागपूर-अमरावतीकडच्या जुन्या प्रकरणांत ‘रेंट कंट्रोलरची परवानगी’ असा उल्लेख येतो तो याच जुन्या आदेशामुळे. आज ती पायरी उरलेली नाही.

कायदा निवास, शिक्षण, व्यवसाय, व्यापार किंवा साठवण यांसाठी दिलेल्या जागांना लागतो, तोही अनुसूचीत नमूद केलेल्या भागांपुरताच. त्यामुळे खेड्यातल्या घरासाठी सल्ला घेताना गाव अनुसूचीत आहे का, हे आधी तपासा.

कलम ३ मधले अपवाद व्यवहारात फार महत्त्वाचे ठरतात. जागा बँकेला, सरकारी उपक्रमाला, परदेशी वकिलातीला, बहुराष्ट्रीय कंपनीला किंवा १ कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपनीला भाड्याने दिली असेल, तर या कायद्याचे संरक्षण त्या भाडेकरूला मिळत नाही. तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे नोटीस देऊन भाडेपट्टा संपवता येतो आणि भाडे बाजारभावाने मागता येते. फोर्टमधल्या किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या जागेत एखादे बँकेचे कार्यालय नाममात्र भाड्यावर असेल, तर मालकाने हे कलम नीट वाचावे. कंपनीचे भरणा झालेले भांडवल किती, हे कंपनी निबंधकाकडच्या नोंदींतून काढता येते. नोटिशीआधी ती प्रत हाती ठेवा.

भाडेकरू आणि परवानाधारक

भाडेकरूला जागेत हक्क असतो. भाडे भरत राहिला तर कायद्याने सांगितलेल्या कारणांवाचून त्याला काढता येत नाही. परवानाधारकाला ठरावीक मुदतीपुरती राहायची मुभा असते, मुदत संपली की घर सोडायचे. दोन्हींत हा फरक इतका ताणला गेला त्यामागे एक तारीख आहे. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर ताब्यात असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा दिला. त्यानंतर कित्येक मालकांनी घरे रिकामी ठेवणे पसंत केले. १९९९ च्या कायद्याने कलम २४ आणून निवासी परवान्याला वेगळा, जलद रस्ता दिला.

इथे एक मोठी चूक घडते. कलम २४ फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकान किंवा गाळा लिव्ह अँड लायसन्सवर दिला आणि मुदतीनंतर सुटला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (कलम २४ चे अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येत नाही, न्यायालयात दावाच लावावा लागतो. मुंबईत तो लघुवाद न्यायालयात जातो. निवासी म्हणून दिलेल्या फ्लॅटमध्ये शिकवणी किंवा कार्यालय चालू झाले तरी गुंता होतो. म्हणून करारात वापराचा हेतू स्पष्ट शब्दांत लिहा.

जुन्या भाड्याचे गणित

प्रमाण भाडे, म्हणजे कायद्याने मान्य केलेले भाडे, ठरवताना १ ऑक्टोबर १९८७ ची तारीख धरली जाते. जुन्या कायद्यात हे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठले होते. त्या गोठवण्याला काळाच्या ओघात तर्क उरलेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये स्पष्ट सांगितले आणि त्यानंतर नवा कायदा आला. नव्या कायद्यातली वाढ मात्र दर वर्षी ४ टक्के इतकीच.

२००० साली १०० रुपये भाडे असलेल्या खोलीचे उदाहरण घ्या. दर वर्षीच्या भाड्यावर ४ टक्के चढवत गेलो तर २५ वर्षांनी भाडे सुमारे २६७ रुपये होते. एवढ्या पैशात जिन्याची एक पायरीही नीट बसवता येत नाही. चाळींच्या दुरुस्तीत मालकाला रस उरत नाही त्याचे मूळ इथे आहे. आणि ज्याने आयुष्यभर त्या खोलीत संसार केला, त्याच्याकडे त्या भागात दुसरे घर घेण्याइतके पैसे नसतात, हेही तितकेच खरे. दोन्ही बाजूंची अडचण समजून घेतली तरच पुढची वाटाघाट होते.

मालकाला याखेरीज दोन वाटा आहेत. महापालिकेचे कर वाढले तर ती वाढ भाड्यात घेता येते. आणि ७० टक्के भाडेकरूंच्या लेखी संमतीने इमारतीत सुधारणा किंवा संरचनात्मक बदल केले, तर वाजवी वाढ मागता येते. तोंडी होकार इथे कामाचा नाही. सह्यांचा कागद काम सुरू होण्याआधी घ्या.

भाडेकरूने हे पाहावे: वाढीची मागणी लेखी आली तर ती ४ टक्क्यांच्या हिशेबात बसते का, कराचे बिल जोडले आहे का. जास्त मागणी असेल तर कायदेशीर बसते तेवढी रक्कम भरा आणि बाकीवर लेखी हरकत घ्या. रागाच्या भरात सगळेच भाडे थांबवणे ही भाडेकरूची सर्वांत महागडी चूक ठरते.

लिव्ह अँड लायसन्स: नोंदणीपर्यंतची पावले

‘११ महिन्यांचा करार आहे, नोटरी केली की झाले’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. ११ महिन्यांची प्रथा केंद्राच्या नोंदणी अधिनियमातून आली, कारण तिथे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. पण महाराष्ट्राच्या कायद्याचे कलम ५५ मुदत पाहतच नाही. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती न केल्यास मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याहून बोचणारा परिणाम दुसरा आहे: नोंदणी नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, आणि ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करत बसावे लागते.

पावले अशी:

१. मालकीचा पुरावा जमवा: इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), मालमत्ता कराची पावती किंवा सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, वीजबिल. मालक परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र आधी तयार हवे. आयत्या वेळी नेमके हेच अडते.

२. करारात तारीखवार मुदत, महिन्याची परवाना फी, अनामत, सोसायटीची देखभाल रक्कम कोण भरणार, किती महिने दोघांनी बांधील राहायचे, आणि आधी सोडायचे असल्यास किती दिवसांची सूचना, हे लिहा. घरातल्या वस्तूंची यादी (पंखे, गिझर, एसी, कपाटे) मीटरच्या आकड्यासह जोडा.

३. मुद्रांक शुल्क काढा. निवासी परवान्यावर दर ०.२५ टक्के आहे. हा दर एकूण फी, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कम, या सर्वांच्या बेरजेवर लागतो. २०,००० रुपये महिना, १ लाख अनामत, ११ महिने असे धरू. फी २,२०,००० आणि अनामतीवरचे सुमारे ९,१६७ मिळून २,२९,१६७. त्यावर शुल्क सुमारे ५७३ रुपये. ‘हेवी डिपॉझिट’ घेऊन भाडे शून्य दाखवले तरी अनामतीवरचा हा हिशेब चुकत नाही. नोंदणी फी वेगळी असते. भरण्याच्या दिवशीचा दर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

४. नोंदणी ऑनलाइन होते. दोन्ही पक्ष आणि दोन साक्षीदारांची आधारद्वारे ओळख आणि अंगठ्याचा ठसा लागतो. अधिकृत सेवा देणारे घरी येऊनही हे करून देतात. ज्येष्ठांच्या बोटांचे ठसे पुसट असल्याने ओळख जुळत नाही, ही रोजची अडचण आहे. एकाऐवजी दुसऱ्या बोटाने प्रयत्न करायला सांगा.

५. नोंदणीनंतर प्रत दोघांनी घ्या, पोलीस ठाण्यात राहणाऱ्याची माहिती द्या, सोसायटीला एक प्रत द्या.

मुदत ६० महिन्यांहून अधिक असेल तर तो भाडेपट्टा धरला जातो आणि शुल्काचे गणितच बदलते. नूतनीकरण म्हणजे नवा करार आणि नवी नोंदणी. जुन्याच करारावर ‘पुढे चालू’ असे हाताने लिहून राहू देणे टाळा, कारण त्या काळाबद्दल मालकाकडे नोंदवलेला कागद उरत नाही.

अनामतीला महाराष्ट्राच्या कायद्यात कमाल मर्यादा नाही. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण आदर्श कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय कोणावर बंधनकारक होत नाही. म्हणून राहणाऱ्याने ‘किल्ली आणि अनामतीची परतफेड एकाच वेळी’ हे वाक्य करारात घ्यावेच. सक्षम प्राधिकाऱ्याकडचा जलद मार्ग ताबा परत घेण्यासाठी आहे, अनामतीच्या वसुलीसाठी तो उपयोगी पडत नाही.

मुदत संपली, घर सुटत नाही

मुदत संपण्याच्या महिनाभर आधी मालकाने लेखी आठवण द्यावी. मुदत उलटल्यावर नवी फी स्वीकारून गप्प बसू नये. घेतलीच तर ‘नुकसानभरपाईपोटी, हक्कास बाध न येता’ असे पावतीवर लिहावे. मग कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. सोबत नोंदवलेला करार, मालकीचा पुरावा, नोटीस आणि तिची पोच लागते. लेखी परवाना करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणून समोरच्याला ‘मी खरा भाडेकरू होतो’ असे म्हणणे कठीण जाते. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या फीच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते.

राहणाऱ्याने समन्स हाती पडताच दिवस मोजायला लागावे. प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी ३० दिवसांच्या आत मागितली नाही, तर अर्जातले म्हणणे मान्य आहे असे धरून घर सोडण्याचा आदेश होतो. समन्स घ्यायचे टाळून काही साध्य होत नाही. आदेशाविरुद्ध पुनरीक्षणासाठी ९० दिवस आहेत.

कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे, वीज तोडणे हे मालकाने कधीही करू नये, मुदत संपलेली असली तरी. कायदेशीर प्रक्रियेवाचून ज्याचा ताबा हिसकावला, त्याला विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली ६ महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. हातची जिंकलेली बाजी अशी हरू नका.

भाडेकरूचे भाडे थकले तर

इथे ९० दिवस दोनदा येतात आणि दोन्ही वेगळे आहेत. आधी मालकाने थकबाकीची लेखी मागणी करायची. नोटीस मिळाल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. दावा लागल्यावर समन्स बजावल्यापासून पुन्हा ९० दिवस. या काळात भाडेकरूने सगळी थकबाकी आणि वर्षाला १५ टक्के सरळव्याज न्यायालयात भरले, पुढे दाव्याचा निकाल लागेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला आणि खर्चही दिला, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही.

मालकाची नोटीस कशी फसते? आकडा चुकतो. भाडे, करवाढ आणि दुरुस्तीचा खर्च एकत्र करून एकच रक्कम मागितली की त्यातले कायदेशीर भाडे किती याचा वाद होतो. प्रत्येक महिना वेगळा मांडा, कोणता आकडा कशाचा ते लिहा. भाडेकरूची चूक याउलट: पहिली रक्कम भरतो आणि मग दावा चालू असताना तीन-चार महिने विसरतो. संरक्षण तिथेच गळून पडते.

मालक भाडे घेतच नसेल तर? धनादेश पत्रासह पोच मिळेल अशा टपालाने पाठवा किंवा बँकेतून भरा, परत आला तर लिफाफा न उघडता ठेवा. ‘भरायला तयार होतो’ हे याच कागदांनी दाखवता येते. भाडेपावती हा भाडेकरूचा हक्क आहे, मालकाने ती दिलीच पाहिजे.

ताबा मागण्याची कारणे

कलम १६ मधली सगळी कारणे इथे उकलत नाही, रोज भांडणात येणारी घेऊ.

पोटभाडेकरू ठेवणे हे सर्वांत जास्त वापरले जाणारे कारण. पाहुणा आणि पोटभाडेकरू यांतला फरक ताब्यावर ठरतो. मूळ भाडेकरू निघून गेला आणि खोलीची किल्ली तिसऱ्याकडे आहे, तर पुरावा मजबूत. सलग ६ महिने योग्य कारणाशिवाय जागा बंद ठेवली, हेही कारण चालते. इथे वीज मीटरचे शून्य युनिटचे बिल खूप बोलते. गावी आजारपणामुळे जाणाऱ्या भाडेकरूने दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत.

लेखी परवानगीशिवाय पक्के बांधकाम केले तर ताबा जाऊ शकतो, पण कायद्याने काही गोष्टी स्पष्ट वगळल्या आहेत: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकघरातला ओटा, दरवाजा, जाळी, खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडे किंवा एक्झॉस्ट. ओटा बांधला म्हणून नोटीस आली तर घाबरू नये. पोटमाळा मात्र वादाचा विषय असतो, लेखी संमती घेऊनच बांधावा.

मालकाची स्वतःची खरीखुरी गरज, हे कारण न्यायालय दोन टप्प्यांत पाहते. गरज खरी आहे का, आणि ताबा दिला तर कोणाला जास्त त्रास होईल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भाडेकरूच्या बाजूने गेले तर दावा फेटाळला जातो, किंवा जागेचा काही भागच मालकाला मिळतो. म्हणून मालकाने घरात किती माणसे, किती खोल्या, कोणाचे लग्न ठरले याचे पुरावे द्यावेत. भाडेकरूनेही दुसरी जागा शोधण्याचे प्रयत्न केले होते का, हे दाखवावे लागते. ताबा घेऊन महिनाभरात मालक राहायला आला नाही किंवा वर्षाच्या आत जागा दुसऱ्याला दिली, तर मूळ भाडेकरू ती परत मागू शकतो.

असे दावे मुंबई, पुणे, नागपूर इथे लघुवाद न्यायालयात आणि इतरत्र दिवाणी न्यायाधीशांकडे चालतात. अपील ३० दिवसांत करावे लागते. मुंबईत ते त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे जाते, दुसरे अपील नाही.

दुरुस्ती, पाणी आणि वीज

दुरुस्ती मालकाची जबाबदारी. त्याने टाळले तर भाडेकरूंनी एकत्र येऊन किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी. मग स्वतः काम करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. २६७ रुपये भाड्याच्या खोलीला वर्षाला सुमारे ८०० रुपये होतात, म्हणजे एकट्याने केलेल्या दुरुस्तीला हा आधार तोकडा पडतो. आख्ख्या चाळीने मिळून नोटीस दिली तरच गळणाऱ्या नळीचे काम निघते. कामाआधी आणि नंतर फोटो, कंत्राटदाराचे पक्के बिल, हे सोडू नका.

पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई यांपैकी काहीही मालकाने तोडले तर कलम २९ खाली न्यायालयात अर्ज करावा. अंतरिम आदेश लवकर मिळतो. अर्जात तोडल्याची तारीख, वेळ आणि शेजाऱ्यांची नावे द्या.

भाडेकरू वारल्यावर, आणि पागडी

भाडेकरूचा हक्क वारसा कायद्याने आपोआप सर्व मुलांना जात नाही. निवासी जागेत, मृत्यूच्या वेळी भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या व्यक्तीला तो मिळतो. असे कोणी नसेल तर वारसांचा विचार होतो. डोंबिवलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलेला मुलगा गिरगावच्या खोलीवर हक्क सांगतो तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो. आईबरोबर राहणाऱ्या मुलीचे नाव शिधापत्रिकेत, मतदार यादीत, आधारवर त्याच पत्त्याचे असावे. मृत्यूनंतर महिन्याभरात मालकाला लेखी कळवून पावती नावावर करण्याची मागणी करा.

पागडी घेणे-देणे १९९९ च्या कायद्याने कलम ५६ खाली वैध केले. भाडेकरू हक्क सोडताना किंवा दुसऱ्याला देताना पैसे घेऊ शकतो, आणि मालक संमती देण्यासाठी रक्कम घेऊ शकतो. मालकाचा वाटा किती हे कायदा ठरवत नाही, वाटाघाटीत ठरतो. नवीन घेणाऱ्याने मालकाची लेखी संमती, नावावर झालेली पावती आणि नोंदवलेला दस्त या तिन्ही गोष्टी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकाला बाजूला ठेवून केलेला व्यवहार म्हणजे पोटभाडेकरूचे कारण आयते देणे.

इमारत पडायला आली तर

मुंबई शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे येते. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली पुनर्विकासात निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मालकी हक्काने मिळते, आणि ५१ टक्के रहिवाशांची संमती पुरते. १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेल्या भाडेहक्काला या गणितात धरत नाहीत, त्यामुळे त्यापूर्वीच्या पावत्या सोन्यासारख्या जपा.

महापालिकेने इमारत धोकादायक ठरवून रिकामी करायला सांगितली, तरी भाडेकरूचा हक्क इमारतीबरोबर संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केले आहे. पण हक्क सिद्ध करायला मोजमाप लागते. घर सोडण्याआधी प्रत्येक खोलीचे क्षेत्रफळ महापालिकेच्या अधिकाऱ्यांकडून मोजून घ्या, नावासह यादीची प्रत घ्या, भिंतींचे आणि दरवाजांचे फोटो तारखेसह काढा. विकासकाशी पर्यायी निवासाचा करार नोंदवलेला हवा, त्यात चटई क्षेत्र, पूर्ण होण्याची तारीख, तोवरचे भाडे आणि ते न दिल्यास काय, हे लिहिलेले हवे. हा करार नोंदवला गेला की मगच किल्ली द्या.